वांचलेला वेळ आणि दिलेला वेळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या सांगतेच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सव आला म्हणजे देवळाचा इतिहास सांगावा, असा प्रघात आहे. तो इतिहास जाणत्या मंडळींनीं या स्मरणिकेंत साक्षेपानें लिहिला आहे. पहिला दगड कोणी बसविला, कौलें कोणी वाहून आणलीं, घंटा कोठून आली, हें सर्व आपणांस तेथें वाचावयास मिळेल. त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आज आम्हांस एका प्रवासाविषयीं बोलावयाचें आहे. खरें पाहतां तो एकच प्रवास आहे; परंतु चाळीस वर्षांत तो आम्हीं पांच वेळां केला, आणि दर वेळीं काळानें आम्हांस कांहीं शिकविण्याचा यत्न केला. चार वेळां आम्ही शिकलों नाहीं. पांचव्या वेळीं एका वृद्ध बाईनें आम्हांस शिकविलें. तें आपणांपाशीं बोलून दाखवावें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

दर दहा वर्षांनीं जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचें जाहीर दर्शन होतें, हें आपण जाणतां. एरवीं तो देह बॉम जेझू बासिलिकेंत उंच समाधीवर चांदीच्या पेटींत असतो. दर्शनकाळीं तो खालीं उतरवून समोरच्या से कॅथीड्रलमध्यें नेतात, आणि देशोदेशींचे लोक रांगा लावून त्याच्यापुढून जातात. १९८४, १९९४, २००४, २०१४ आणि २०२४ या पांचहि सोहळ्यांस जाण्याचें भाग्य आम्हांस लाभलें. पहिल्या वेळीं आम्ही चौदा वर्षांचे होतों, शेवटल्या वेळीं चौपन्न वर्षांचे. घरांतील घड्याळ तास मोजतें. हा सोहळा आयुष्याचीं दशकें मोजतो. दोन दर्शनांच्या मध्यें घरांतील कोण गेलें आणि कोण आलें, याचा हिशेब तेथें रांगेंत उभें असतां आपोआप मनांत उभा राहतो.

१९८४ सालीं कोंकण रेल्वे नव्हती. वसई तालुक्यांतील तीन-चार धर्मग्रामांची मिळून एक यात्रा निघाली, तींत आम्ही आईबापांसह होतों. आमचे तीर्थरूप वाडीवाले होते. केळी, पानवेल आणि मोगरा हेंच त्यांचें जग. वाडीचें शिंपणें शेजाऱ्यावर सोपवून आणि वर्षभर डब्यांत सांठविलेले पैसे मोजून त्यांनीं तिघांचीं तिकिटें काढलीं होतीं. रात्रीच्या गाडीनें मुंबईहून निघालों तों पहाटे मिरज आलें. तेथें मोठ्या रुळाची गाडी सोडावी लागे, आणि पुढें लोंढ्यावरून गोव्याकडे लहान रुळाच्या, म्हणजे मीटरगेजच्या, गाडीनें जावें लागे. दिवसाउजेडीं घांट उतरावयाचा आणि दूधसागरचा धबधबा गाडीच्या खिडकींतून पाहावयाचा, हें स्वप्न आम्ही महिनाभर उराशीं बाळगून होतों.

मिरजेच्या फलाटावर सामान ठेवून तीर्थरूप ‘आलोंच’ म्हणून जे गेले, ते चार तास परत आले नाहींत. ठरलेली गाडी आमच्या डोळ्यांदेखत निघाली. यात्रेची बाकीची मंडळी पुढें गेली. मातुश्री ट्रंकेवर बसून जपमाळ ओढीत राहिल्या, आणि आम्ही रागानें रूळ मोजीत राहिलों. दुपार होत आली तेव्हां तीर्थरूप आले. चेहरा घामानें निथळत होता. ‘एक काम निघालें’, इतकेंच ते बोलले. मातुश्रींनीं कांहीं विचारलें नाहीं आणि त्यांनीं कांहीं सांगितलें नाहीं. आम्ही दुपारच्या गाडींत बसलों. घांट लागला तेव्हां रात्र झाली होती. दूधसागर आम्हांस दिसला नाहीं. काळोखांत नुसता ऐकूं आला. ‘चार तास फुकट गेले’, हें आमचें त्या यात्रेविषयींचें मत तेथें ठरलें, आणि तें पुढें चाळीस वर्षें तसेंच राहिलें.

दुसऱ्या दिवशीं जुन्या गोव्यांत पांच तास उन्हांत उभे होतों. आम्हीं कुरकुर केली, तेव्हां तीर्थरूप म्हणाले, ‘पोरा, हे संत आपल्याकडे यायला तेरा महिने बोटींत होते. तुला पांच तास जड झाले?’ अखेर पेटीपाशीं पोहोंचलों. कांचेआड तो लहानसा, काळवंडलेला देह दिसला न दिसला, तोंच स्वयंसेवकानें पुढें सरकविलें. पांच तासांच्या उभ्याचें फळ दहा-बारा पळें! आम्हांस तो सौदा फसल्यासारखा वाटला. तीर्थरूप मात्र बाहेर येऊन एका झाडाखालीं बसले आणि कितीतरी वेळ कांहीं न बोलतां बसून राहिले.

तेरा महिन्यांचा आंकडा त्यांनीं कोणत्या तरी प्रवचनांत ऐकला असावा. पुढें सेमिनरींत आम्हीं तो ताडून पाहिला. तो बरोबर होता. संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजीं, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, लिस्बनहून निघाले आणि ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोहोंचले. वाटेंत वारे अनुकूल होईपर्यंत जहाजास मोझांबिक येथें कित्येक महिने थांबावें लागलें. आपण असतों तर म्हणालों असतों कीं, इतके महिने वायां गेले. त्यांनीं ते महिने जहाजावरील आणि तेथील रुग्णालयांतील आजाऱ्यांची सेवा करण्यांत घालविले, आणि स्वतःहि आजारी पडले. गोव्यास आल्यावर हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत आणि मुलांस धर्मशिक्षणासाठीं गोळा करीत. तेथून मोत्यांच्या किनाऱ्यावरील कोळी लोकांत, मग मलाक्का, मग मोलुक्का बेटें, १५४९ सालीं जपान. मध्यंतरीं १५४८ सालीं पोर्तुगीज गव्हर्नरास भेटण्यासाठीं ते आपल्या वसईसहि येऊन गेले. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या दाराशीं सांचियन बेटावर ते वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें शेहेचाळीस वर्षांचें होतें. आशिया खंडांत त्यांस एकंदर साडेदहा वर्षें मिळालीं. म्हणजे एका दर्शनापासून दुसऱ्या दर्शनापर्यंत जितका काळ जातो, तितकाच.

याहून एक गोष्ट आमच्या मनास फार लागते. २८ जून १५५३ रोजीं संत इग्नेशियस यांनीं रोमहून त्यांस पत्र लिहिलें आणि युरोपांत परत बोलाविलें. पत्र लिहिणाऱ्यास ठाऊक नव्हतें कीं, ज्यास तें लिहिलें तो मित्र सात महिन्यांपूर्वींच देवाघरीं गेला होता. त्या काळीं बातमी पोहोंचावयास वर्षावर काळ लागे. तरी ते लोक एकमेकांस लांबलचक पत्रें लिहीत. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले, आणि पुढच्याच महिन्यांत, १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं लंडनमधील आपल्या वडिलांस सबंध प्रवासाचा वृत्तांत लिहून धाडला. मग चाळीस वर्षें ते याच भूमींत राहिले आणि १६१९ सालीं येथेंच वारले. स्वदेशीं परतले नाहींत. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेहि असेच गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें त्यांनीं क्रुसावर प्राण ठेवला. या थोर प्रवाशांपाशीं वेळ वांचविण्याचें एकहि साधन नव्हतें. त्यांच्यापाशीं जो वेळ होता तो त्यांनीं देऊन टाकला, आणि म्हणून तो आजवर टिकला आहे.

आतां आमच्या दुसऱ्या यात्रेकडे वळतों. १९९४ सालीं आम्ही सेमिनरींत होतों. विद्यार्थ्यांची एक तुकडी बसनें गोव्यास गेली आणि स्वयंसेवक म्हणून उभी राहिली. दहा वर्षांपूर्वीं ज्या कामाचा आम्हांस राग आला होता, तेंच काम आमच्या वांट्यास आलें. ‘पुढें चला, पुढें चला’, असें आम्ही दिवसभर म्हणत होतों. एक म्हातारी बाई पेटीपुढें थबकली आणि हात जोडून म्हणाली, ‘बाबा, लेकाचें एक मागणें आहे, तेवढें बोलूं दे.’ आम्हीं तिचा दंड हळूच धरून तिला पुढें सरकविलें. नियम तसा होता, आणि मागें हजारों लोक उभे होते, हेंहि खरें. परंतु तिच्या लेकाचें मागणें काय होतें, हें आम्हांस आजतागायत ठाऊक नाहीं. तिचा चेहरा मात्र ठाऊक आहे.

१९९८ सालीं तीन गोष्टी घडल्या. कोंकण रेल्वे पूर्ण होऊन रोहें ते मंगळूर गाड्या धांवूं लागल्या. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आणि आमची गुरुदीक्षा झाली. पुढच्याच वर्षीं तीर्थरूप निवर्तले. २००४ सालीं आम्ही यात्रेचे पुढारी होतों. बावन्न माणसें, त्यांचीं तिकिटें, जेवणें, मुक्काम, सारें आमच्या वहींत मिनिटांनिशीं लिहिलेलें होतें. मिरजेचा फेरा नाहीं, गाडी बदलणें नाहीं. रात्रीं बसावें आणि सकाळीं गोव्यांत उतरावें. मातुश्री आमच्याबरोबर होत्या. चारचौघांत त्या आम्हांस ‘फादर’ म्हणत. परंतु दर्शन झाल्यावर त्या बाजूस येऊन हळूच म्हणाल्या, ‘बाळा, ते बोटींतून उतरले ती नदी इथंच जवळ आहे म्हणतात. अर्धा तास कांठावर बसून येऊं या का? तुझ्या बाबांना फार वाटायचं.’

नदी खरोखरच जवळ होती. कॅथीड्रलच्या मागें थोडें खालीं उतरलें कीं व्हाइसरॉयची कमान लागते आणि कमानीपलीकडे मांडवी वाहते. म्हाताऱ्या माणसाच्या पावलांनीं दहा मिनिटांची वाट. आम्हीं वही पाहिली आणि म्हटलें, ‘आई, गाडीची वेळ होत आली. पुढल्या वेळीं नक्की जाऊं.’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि बसमध्यें जाऊन बसल्या. बंधुभगिनींनो, आमची वही इतकी चोख होती कीं, स्टेशनावर पोहोंचलों तेव्हां गाडीस दीड तास अवकाश होता. तो दीड तास मातुश्रींनीं फलाटावरच्या बांकावर काढला. आम्ही त्यांच्याजवळहि बसलों नाहीं. माणसें मोजीत फिरत होतों.

पुढली वेळ दहा वर्षांनीं येणार होती. २०११ सालीं मातुश्री वारल्या.

२०१४ सालीं आम्ही एकटेच मांडवीकांठीं गेलों. कमानीखालून उतरलों आणि दिवाडीस जाणाऱ्या फेरीबोटी पाहात तासभर बसलों. प्रार्थना करावयाची म्हणून गेलों होतों. प्रार्थना झाली नाहीं. आम्ही कुंपसारांत पुष्कळ पापें ऐकतों. ‘मला वेळ नव्हता’ हें त्यांत सहसा पाप म्हणून कोणी सांगत नाहीं. बहुतेक तें निमित्त म्हणून सांगितलें जातें. त्या दिवशीं आम्हीं तें पाप म्हणून सांगितलें, आणि एका गोवेकर धर्मगुरूनें आम्हांस क्षमा उच्चारली. प्रायश्चित्त म्हणून त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, ‘कोणी थांबवील तेव्हां थांबा.’

तरीहि माणसाची खोड जात नाहीं. या धर्मग्रामांत आमची नेमणूक झाली, तेव्हां आम्ही पुन्हां वही घेऊनच आलों. फक्त ती आतां खिशांतल्या दूरध्वनींत होती. २०२४ च्या डिसेंबरांत आपल्यांतील बावीस ज्येष्ठ मंडळींस घेऊन आम्ही गोव्यास गेलों, तें आपणांस आठवत असेलच. या वेळीं विमान. उत्तर गोव्यांत मोपा येथील नवा विमानतळ २०२३ च्या जानेवारींत वाहतुकीस खुला झाला आहे. मुंबईहून सव्वा तासांत मनुष्य तेथें उतरतो. संतांचे तेरा महिने, तीर्थरूपांचे दोन दिवस, आणि आमचा सव्वा तास! या हिशेबानें आमच्यापाशीं वेळाची केवढी रास उरावयास पाहिजे होती! परंतु आमच्या त्या यात्रेचा कार्यक्रम पांचहि यात्रांत सर्वांत घाईचा होता.

दर्शन आटोपून आम्ही सर्वांस बसकडे नेत होतों. तोंच आपल्यांतील एक मावशी थांबल्या. त्यांचें नांव आम्ही सांगत नाहीं. त्यांनींच तसें विनविलें आहे. वय बहात्तर वर्षांचें, गुडघे दुखरे. त्या म्हणाल्या, ‘फादर, ती नदी कुठं आहे? जरा बसूं का तिथं?’

‘पुढल्या वेळीं’ हे शब्द आमच्या जिभेवर आले होते, हें आम्ही आपणांपुढें कबूल करतों. पुढली वेळ म्हणजे २०३४ साल. आम्हीं त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलें आणि वीस वर्षांपूर्वींचें तें ‘बरं’ आमच्या कानांत पुन्हां वाजलें. आम्हीं बसवाल्यास थांबावयास सांगितलें. बावीस माणसें हळूहळू कमानीखालून उतरलीं आणि जेथें जागा मिळेल तेथें बसलीं. मावशींजवळ आम्ही बसलों.

बराच वेळ त्या पाण्याकडे पाहात होत्या. मग म्हणाल्या, ‘चाळीस वर्षांनीं पोहोंचलें, फादर. चौऱ्यांशीं सालीं निघालें होतें, मिरजेलाच राहिलें.’ आम्ही चमकलों. त्या पुढें सांगूं लागल्या. त्या वेळीं त्यांचें वय बत्तीस. नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा बरोबर. गाडींतच मुलास ताप भरला, आणि मिरजेच्या फलाटावर त्यास झटके येऊं लागले. नवरा बिचारा गोंधळून गेला. परका मुलूख, ओळखीचें कोणी नाहीं. तेव्हां यात्रेंतील दुसऱ्या गांवचा एक वाडीवाला पुढें झाला. त्यानें मुलास आपल्या खांद्यावर घेतलें, टांगा केला, आणि मिरज हें पूर्वींपासून डॉक्टरांचें गांव असल्यामुळें विचारीत विचारीत दवाखाना गांठला. मुलास आंत घेईपर्यंत तो बाहेर उभा राहिला. मुलानें डोळे उघडले, तेव्हां कोठें त्यानें निरोप घेतला, आणि जातांना नवऱ्याच्या हातांत कांहीं पैसे कोंबले. तें कुटुंब दोन दिवसांनीं मिरजेहूनच घरीं परतलें. पुढें ‘पुढल्या वेळीं जाऊं’ म्हणतां म्हणतां तीन दर्शनें निघून गेलीं आणि नवराहि गेला.

‘ते तुमचे बाबा, फादर. त्यांनीं तुम्हांला कधीं सांगितलं नाहीं?’

सांगितलें नव्हतें. मातुश्रींसहि कदाचित् सांगितलें नसेल. जे चार तास आम्हीं चाळीस वर्षें फुकट गेलेले म्हणून मनांत नोंदविले होते, त्या चार तासांत आमचे वडील एका परक्या मुलाचे प्राण खांद्यावर घेऊन मिरजेच्या रस्त्यांतून धांवत होते. आम्हांस धबधबा दिसला नाहीं याचें दुःख होतें. त्या मुलास पुढचीं चाळीस वर्षें दिसलीं. तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, दोन मुलांचा बाप आहे, आणि आज दुपारीं याच सभामंडपांत आपल्यासाठीं खुर्च्या मांडीत होता.

आम्हीं मावशींस विचारलें, ‘तीन वर्षें मी तुमच्या धर्मग्रामांत आहें. मला हें आधीं कां नाहीं सांगितलंत?’ त्या संकोचानें म्हणाल्या, ‘सांगीन सांगीन म्हणत होतें, फादर. पण तुम्ही नेहमीं घाईंत.’

बंधुभगिनींनो, आमच्या सेमिनरींतल्या वर्षांत आम्हीं पुष्कळ प्रवचनें ऐकलीं. परंतु या तीन शब्दांएवढें नेमकें एकहि नव्हतें. आमच्या वडिलांच्या आयुष्यांतील कदाचित् सर्वांत सुंदर गोष्ट तीन वर्षें आमच्या दाराशीं येऊन थांबली होती, आणि आमच्यापाशीं तिच्यासाठीं अर्धा तास नव्हता. तो अर्धा तास आम्हीं दिला, तेव्हां गेलेले वडील आम्हांस परत मिळाले. विमान चुकलें नाहीं, हेंहि सांगून टाकतों; आणि चुकलें असतें तरी चाललें असतें.

प्रभु येशूनें सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. जखमी माणसाला पाहून दोघे निघून गेले. ते दुष्ट होते असें प्रभु कोठेंहि म्हणत नाहीं. आम्हांस वाटतें, त्यांस कोठें तरी वेळेवर पोहोंचावयाचें असावें. तिसरा आपली वाट मोडून थांबला, आणि त्याचें तें थांबणें दोन हजार वर्षें जगानें विसरलें नाहीं.

आतां या महोत्सवाविषयीं दोन शब्द. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत देवानें आपल्या प्रजेस पन्नासावें वर्ष पवित्र मानावयास सांगितलें. त्या वर्षीं जमीन पडीक ठेवावयाची, गहाण पडलेलें वतन मूळ घरास परत जावयाचें, आणि दास झालेल्यानें मोकळें होऊन आपल्या कुटुंबांत परत जावयाचें. म्हणजे पन्नासावें वर्ष हें मिरविण्याचें नव्हे, परत देण्याचें. ख्रिस्तसभेचें पहिलें पवित्र वर्ष १३०० सालीं पोप आठवे बोनिफेस यांनीं पाळलें, तेव्हां तें दर शंभर वर्षांनीं यावें असें ठरलें होतें. पण माणसाचें आयुष्य तोकडें. शंभर वर्षांनीं येणारी कृपा किती जणांच्या हातीं लागणार? म्हणून पोप सहावे क्लेमेंट यांनीं तें पन्नास वर्षांवर आणलें, आणि पुढें १४७५ सालापासून तें पंचवीस वर्षांनीं येऊं लागलें. रोम येथें गेलें पवित्र वर्ष २४ डिसेंबर २०२४ रोजीं उघडलें आणि ६ जानेवारी २०२६ रोजीं मिटलें. मध्यंतरीं ज्यांनीं दार उघडलें ते पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजीं देवाघरीं गेले, आणि दार मिटलें तें पोप चौदावे लिओ यांनीं. कृपेचें वर्षसुद्धां माणसाच्या आयुष्याच्या मापानें कापून घ्यावें लागतें, हें यांत ध्यानीं धरण्यासारखें आहे.

आपल्या देवळासहि पन्नास वर्षें मिळालीं. ती अठरा हजारांहून अधिक दिवसांची ठेव आहे, आणि ती आपण कमावलेली नाहीं. आपणांस ती दिलेली आहे. ती कोठें खर्चिली याचा जमाखर्च बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या आणि मृतांच्या वह्यांत अर्धाच सांपडतो. उरलेला अर्धा मिरजेच्या त्या चार तासांसारखा कोठेंच लिहिलेला नाहीं. आजाऱ्याच्या उशाशीं रात्र काढणारे, शेजारणीच्या मुलास पाजणारे, पावसांत प्रेतामागून चालणारे, यांची नोंद देवापाशीं आहे.

तेव्हां महोत्सवाची भेट म्हणून आम्ही आपणांपाशीं पैसा मागत नाहीं. तो आपण दिला आहे आणि त्याचा हिशेब मागल्या पानांवर आहे. आम्ही वेळ मागतों. या धर्मग्रामांत अशीं कित्येक घरें आहेत कीं, जेथें मुलें आखातांत किंवा कॅनडांत आहेत, वाडी विकली गेली आहे, आणि ओसरीवर एक म्हातारें माणूस दाराकडे पाहात बसलेलें आहे. त्याच्यापाशीं सांगावयाचें कांहीं तरी आहे. तें कदाचित् आपल्याच बापाविषयीं, आपल्याच आजीविषयीं असेल. आठवड्याचे १६८ तास देव आपणांस मोजून देतो. त्यांतील एक तास आपण मिस्सेस देतां. दुसरा एक तास या ओसरीवर द्यावा. हातांत कांहीं न घेतां जावें, आणि निघण्याची वेळ मनांत ठरवून जाऊं नये.

आम्हीं स्वतः आमची वही बदलली आहे. दर मंगळवारीं आणि शुक्रवारीं सायंकाळीं चार ते सहा या वेळांत तींत कांहीं लिहिलेलें नसतें. त्या वेळीं धर्मगुरुनिवासाचें दार उघडें असतें, आणि ओट्यावर दोन खुर्च्या असतात. मावशी पहिल्याच मंगळवारीं आल्या होत्या. तीर्थरूपांनीं त्या दिवशीं टांगेवाल्याशीं भाड्यावरून कशी घासाघीस केली, हें त्यांनीं आम्हांस सांगितलें, आणि आम्ही पुष्कळ वर्षांनीं पोट धरून हंसलों.

२०३४ सालीं पुन्हां दर्शन होईल. त्या वेळीं आम्ही असूं किंवा नसूं. आपल्यांतीलहि कोण असेल हें देव जाणे. जे जातील त्यांस आमची एवढीच विनंति आहे. दर्शन झाल्यावर बसकडे धांवूं नका. कमानीखालून खालीं उतरा आणि मांडवीच्या कांठीं अर्धा तास बसा. बरोबर कोणी वृद्ध असेल तर त्यास आधीं बसवा, मग आपण बसा, आणि तो काय बोलतो तें ऐका.

ज्यानें हीं पन्नास वर्षें आपणांस दिलीं, तो परमेश्वर पुढील काळ देतांना तो वांटून टाकण्याची बुद्धीहि आपणां सर्वांस देवो. आणि ज्यांनीं आपला वेळ आपल्यासाठीं वेंचला ते आपले मृत बंधुभगिनी त्याच्या सान्निध्यांत चिरशांति पावोत. आमेन.